इंजेक्टरपर्यंतची वाट : घरच्या घरी केलेल्या एका विद्युत-चाचणीतून

पेट्रोलवर चालणाऱ्या आजच्या वाहनातील इंजेक्टर हा दिसायला यांत्रिक भाग असला, तरी त्याचे उघडणे आणि मिटणे सर्वस्वी विजेवर अवलंबून असते, आणि त्यामुळे त्याच्या बिघाडाचा शोध पान्यापेक्षा मीटरने घेणे अधिक फलदायी ठरते. इंजेक्टरच्या पोटात तांब्याच्या बारीक तारेची एक गुंडाळी असते. तिच्यातून वीज वाहू लागली की ती चुंबक बनते, स्प्रिंगच्या जोरावर बसलेली सुई केसभर वर उचलली जाते आणि साधारण तीन बार दाबाखाली थांबलेले पेट्रोल बारीक फवाऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. या गुंडाळीची एक तार बॅटरीकडून फ्यूज आणि रिले यांच्यामार्गे येणारा धन पुरवठा आणते, तर दुसरी तार इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाकडे, म्हणजे ज्याला मेकॅनिक ईसीएम म्हणतात त्याच्याकडे जाते. हा संगणक इंजेक्टरला वीज पुरवत नाही. तो फक्त ठरलेल्या क्षणी दुसरी तार अर्थला जोडतो आणि लगेच सोडतो. बॅटरीपासून निघून पुन्हा बॅटरीकडे परतणाऱ्या या संपूर्ण वाटेला परिपथ, म्हणजे बोलीतले सर्किट, असे नाव आहे, आणि प्रस्तुत विवेचनाचा विषय इंजेक्टर हा सुटा भाग नसून ही वाट आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, नगर-सोलापूर रस्त्यावर वसलेल्या मिरजगावासारख्या बाजाराच्या गावात वाहनदुरुस्तीची जाण नवी नाही. कार्ब्युरेटरच्या काळात रस्त्याकडेच्या गॅरेजातला कारागीर जेट काढून, फुंकर मारून, स्क्रू पाव फेरा फिरवून गाडी चालू करून देत असे, कारण त्या यंत्रणेतील दोष डोळ्यांना दिसत असे आणि बोटांना लागत असे. मोटारींमध्ये ही व्यवस्था २००० सालच्या आसपास मागे पडू लागली. दुचाकींमध्ये इंधन-इंजेक्शनचा प्रवेश २००६ मधील हिरो होंडा ग्लॅमरच्या एका आवृत्तीपासून झाला. आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे उत्सर्जनाचे मानक देशभर लागू झाल्यावर रोजच्या वापरातील बहुतेक नव्या मोटारसायकलीसुद्धा इंजेक्टरवर आल्या. जिल्ह्याच्याच ठिकाणी संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची वाहन-संशोधन संस्था आहे, शेजारच्या नाशकात बॉशच्या कारखान्यात इंजेक्टर तयार होतात, आणि तरीही अंगणात उभ्या असलेल्या गाडीचा इंजेक्टर काम करतो की नाही, हे तपासण्याची साधी रीत मात्र गावापर्यंत पुरेशी पोहोचलेली नाही. ज्ञानाची ही उणीव अखेर पैशात मोजली जाते, कारण जिथे मोजमाप नसते तिथे अंदाजाने भाग बदलले जातात.

या विवेचनाला आधारभूत ठरलेले काम मिरजगावातील एका घराच्या अंगणात, चार सिलिंडरांच्या एका जुन्या पेट्रोल मोटारीवर झाले. पावसाळ्यातील सकाळी ही गाडी सुरू होई, परंतु उभ्या जागी इंजिन थरथरत असे, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत गाडी मिसिंग मारत असे. रस्त्याला लागून वेग घेतला की थरथर जवळजवळ नाहीशी होई. त्यापूर्वी एका गॅरेजात स्कॅनर लावून तिसऱ्या सिलिंडरचा दोष निघाल्याचे सांगण्यात आले होते, आणि त्या आधारावर आधी प्लग, मग इग्निशन कॉइल आणि शेवटी तिसरा इंजेक्टर असे तीन भाग क्रमाने बदलले गेले होते. तिन्ही भाग नवे होते, बिल भरले गेले होते, आणि थरथर होती तशीच होती.

येथे स्कॅनरच्या भाषेविषयी दोन शब्द आवश्यक आहेत, कारण पुष्कळ चुकीच्या दुरुस्त्यांचे मूळ या भाषेच्या घाईच्या वाचनात असते. पी०३०३ या संकेताचा अर्थ तिसऱ्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही एवढाच होतो. ते का पेटत नाही, याविषयी तो संकेत काहीही सांगत नाही. याउलट पी०२०३ हा संकेत तिसऱ्या इंजेक्टरच्या परिपथात दोष असल्याचे सांगतो, म्हणजे त्याचा रोख इंजेक्टरवर जितका असू शकतो तितकाच कपलरवर, तारेवर किंवा ईसीएमवरही असू शकतो. या मोटारीत फक्त पहिला संकेत आला होता. परिपथ पूर्ण तुटला किंवा कुठे चिकटला असता, तर संगणकाने तो दोष बहुधा ओळखला असता. परंतु जो परिपथ तुटलेलाही नाही आणि धडही नाही, त्याला संगणकाच्या यादीत बहुतेकदा नाव नसते. अशा अधल्यामधल्या दोषाचा माग काढण्यासाठी माणसाला स्वतः त्या वाटेने चालत जावे लागते.

चाचणीला हात घालण्यापूर्वी पाळायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांत सवलत नाही. काम उघड्या हवेत करावे, जवळ चूल, बिडी किंवा ठिणगी नसावी, इंजिन थंड असावे, आणि पेट्रोलची नळी या चाचणीसाठी सोडण्याचे कारणच नसल्याने ती सोडू नये. इंजेक्टरला बॅटरीची थेट वीज लावून तो टिकटिकतो का हे पाहण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, ती दोन कारणांनी धोक्याची आहे: वीज काही क्षणांहून अधिक राहिली तर गुंडाळी तापून जळू शकते, आणि नळीत दाब असेल तर सिलिंडरमध्ये पेट्रोल भरत जाते. त्याचप्रमाणे ईसीएमकडे जाणाऱ्या तारेवर मोठा दिवा लावून परीक्षा घेणे टाळावे, कारण तारेला अर्थ देणारा संगणकातील इलेक्ट्रॉनिक स्विच एखाद्या अँपिअरच्या आसपासच्या विद्युतधारेसाठी बनवलेला असतो आणि हेडलाइटचा दिवा त्याच्या कितीतरी पट विद्युतधारा ओढतो.

पहिली चाचणी कानाची असते. इंजिन चालू असताना लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजेक्टरच्या अंगावर टेकवून मूठ कानाशी धरली, की सुईची टिकटिक स्पष्ट ऐकू येते. पट्टे आणि पंखा यांपासून हात आणि कपडे दूर ठेवण्याची काळजी मात्र घ्यावी लागते. या मोटारीत चारही इंजेक्टर टिकटिकत होते, पण तिसऱ्याचा आवाज किंचित मऊ वाटत होता. कानाची साक्ष इतकीच असते: ती संशय देते, निकाल देत नाही.

दुसरी चाचणी पुरवठ्याची. इंजेक्टरच्या टोकावरचा प्लास्टिकचा जोड, ज्याला कपलर म्हणतात, तो काढून किल्ली चालू स्थितीत ठेवावी आणि मल्टिमीटरचे काळे टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला लावून लाल टोकाने कपलरच्या दोन्ही पिना तपासाव्यात. त्यांपैकी जिथे बॅटरीइतके व्होल्टेज मिळते ती पुरवठ्याची पिन होय, आणि चारही कपलरांवर तिच्या तारेचा रंग बहुधा एकच असल्याने तिची ओळख पक्की होते. येथे नवख्या माणसाची एक फसगत ठरलेली असते: काही गाड्यांत हा पुरवठा इंधनपंपाच्या रिलेतून येतो आणि किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंदांतच बंद होतो, त्यामुळे सावकाश मीटर लावणाऱ्याला पुरवठाच नाही असे वाटते. म्हणून मीटर आधी लावावा आणि किल्ली नंतर फिरवावी. या मोटारीत बॅटरीवर १२.५ आणि चारही कपलरांवर १२.४ व्होल्ट मिळाले. म्हणजे कागदावर तरी पुरवठा निर्दोष होता.

तिसरी चाचणी संगणकाच्या आज्ञेची. यासाठी बाजारात कपलरमध्ये बसणारा छोटा दिवा मिळतो, आणि तो नसेल तर एक एलईडी व तिच्याशी एकसरीत जोडलेला एक हजार ओहमचा रोधक एवढ्यानेही काम भागते. एलईडीचा लांब पाय पुरवठ्याच्या बाजूला असावा इतकेच पथ्य आहे. चारही कपलर सोडवून, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही अशी सोय करून, सेल्फ थोडा वेळ फिरवला की दिवा लुकलुकला पाहिजे. तो एकाच कपलरवर लुकलुकत नसेल तर त्या तारेत किंवा संगणकाच्या त्या शाखेत खोट आहे. एकाही कपलरवर लुकलुकत नसेल तर दोष सामाईक आहे, आणि तो फ्यूज, रिले किंवा क्रँकची फिरत मोजणारा सेन्सर यांपैकी कुठेतरी शोधावा. आणि दिवा न लुकलुकता सतत जळत राहिला, तर तार कुठेतरी सोलून अर्थला चिकटली आहे किंवा संगणकातील स्विच बंद होत नाही, असे समजावे.

ही चाचणी मीटरने का होत नाही, हे एका साध्या हिशेबाने कळते. उभ्या जागी इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर चार धावांच्या इंजिनात प्रत्येक इंजेक्टर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला ४०० वेळा आणि सेकंदाला साधारण साडेसहा वेळा उघडतो. प्रत्येक वेळी तो सुमारे तीन मिलिसेकंद उघडा राहिला, तर एका सेकंदापैकी जेमतेम वीस मिलिसेकंदच त्यातून वीज वाहते. मल्टिमीटर सरासरी दाखवत असल्याने या दोन टक्क्यांची त्याला जेमतेम चाहूल लागते. डोळ्यांना मात्र लुकलुक दिसते, आणि म्हणून दहा रुपयांचा दिवा या एका जागी महागड्या मीटरला सरस ठरतो. मिरजगावातील त्या मोटारीत चारही ठिकाणी दिवा सारखाच लुकलुकला.

चौथी चाचणी गुंडाळीच्या रोधाची, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याची, जो ओहम या एककात मोजतात. किल्ली बंद असताना आणि कपलर काढलेला असताना इंजेक्टरच्याच दोन पिनांवर मीटर लावला, तर आजच्या बहुतेक पेट्रोल इंजेक्टरांत ११ ते १६ ओहम यांच्या दरम्यान आकडा मिळतो. काही जुन्या किंवा खास प्रकारच्या इंजेक्टरांत तो दोन ते पाच ओहम असतो, आणि म्हणून त्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडा हाच अखेरचा मानावा. मीटरच्या तारांचा स्वतःचा रोधही त्यात मिसळतो. तो आधी दोन्ही टोके एकमेकांना लावून पाहून वजा करावा लागतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट उष्णतेची आहे. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसमागे सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो, त्यामुळे वीस अंशांवर बारा ओहम दाखवणारी गुंडाळी ऐंशी अंशांच्या इंजिनावर पावणेपंधरा ओहमांच्या आसपास दाखवते. नगर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात दुपारी प्रवास करून आलेल्या गाडीचा आकडा पुस्तिकेतील आकड्याशी जुळत नाही म्हणून इंजेक्टर फेकून देणे, हे या एका टक्केवारीच्या अज्ञानातून घडते. चारही इंजेक्टर एकाच तापमानाला, एकापाठोपाठ एक मोजावेत आणि त्यांची तुलना प्रथम एकमेकांशी करावी, ही रीत यासाठीच सुरक्षित ठरते. या कामात चारही आकडे १२.१ ते १२.४ ओहम यांच्या दरम्यान आले, आणि त्यांत बदललेला नवा तिसरा इंजेक्टरही होता.

अशा रीतीने पुरवठा ठीक, आज्ञा ठीक आणि गुंडाळी ठीक असे तीन निर्वाळे हाती आले, आणि तरीही तिसरा सिलिंडर नीट पेटत नव्हता. या टप्प्यावर संगणकावर ठपका ठेवून मोकळे होण्याचा मोह मोठा असतो, कारण संगणक बंद डब्यात असतो आणि त्याची बाजू मांडणारा कोणी नसतो. परंतु झालेल्या चाचण्यांचे स्वरूप पुन्हा तपासले असता असे लक्षात आले, की तिन्ही वेळा त्या वाटेवरून प्रत्यक्ष कामाइतकी वीज वाहिलीच नव्हती. मल्टिमीटर जवळजवळ काहीही विद्युतधारा ओढत नाही, एलईडी तिच्या रोधकासह एका अँपिअरचा शंभरावा हिस्सा ओढते, तर इंजेक्टरला मात्र पुरा एक अँपिअर लागतो. ज्या तारेचे बहुतेक धागे सडले आहेत आणि एखाददुसराच शिल्लक आहे, ती तार मीटर आणि एलईडी या दोघांनाही फसवू शकते.

लिंबाच्या बागेला ठिबक केलेल्या या परिसरातील शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पुढचा कॉक बंद असताना अर्धवट चोंदलेल्या नळीतही दाब पुरा दिसतो. कॉक उघडून पाणी वाहू लागले, की मगच दाब कोसळतो आणि शेवटच्या झाडाला थेंब पोहोचत नाही. विजेच्या वाटेची परीक्षासुद्धा तिच्यावर भार टाकूनच घ्यावी लागते, आणि भाराखाली वाटेत जेवढे व्होल्टेज हरवते त्याला व्होल्टेजची घट असे म्हणतात. इंजेक्टरचा प्रवाह क्षणिक असल्याने ही घट चालू इंजिनावर साध्या मीटरने मोजता येत नाही. म्हणून त्याच्या जागी सतत जळणारा, पण जवळपास तेवढीच वीज खाणारा भार लागतो. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बारा व्होल्ट, दहा वॅटचा दिवा सुमारे ०.८ अँपिअर ओढतो आणि तो घराघरांत पडलेला असतो. त्याचे एक टोक कपलरमधील पुरवठ्याच्या पिनेला आणि दुसरे थेट बॅटरीच्या ऋण टर्मिनलला जोडले, की भार फक्त फ्यूज, रिले आणि पुरवठ्याची तार यांच्यावर येतो आणि ईसीएमला त्याची झळ लागत नाही.

या दिव्यासह मोजणी केली असता पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या कपलरवर १२.१ व्होल्ट मिळाले. तिसऱ्यावर मात्र १२.४ वरून आकडा ९.७ पर्यंत खाली आला आणि दिवाही डोळ्यांना मंद दिसला. याचा अर्थ, सामाईक फ्यूज व रिले निर्दोष असून तिसऱ्या कपलरकडे फुटणाऱ्या फांदीतच साधारण तीन ओहमचा अडथळा बसला होता. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण त्याचा परिणाम तसा नाही. इंजिन चालू असताना मिळणाऱ्या १४ व्होल्टवर बारा ओहमच्या गुंडाळीतून सुमारे १.१७ अँपिअर वाहू शकतात. वाटेत तीन ओहम वाढले, की तेच ०.९३ अँपिअरवर येते आणि गुंडाळीच्या वाट्याला ११.२ व्होल्टच उरतात. चुंबक कमजोर पडल्याने सुई उशिरा उचलली जाते आणि फवाऱ्याचा वेळ तेवढा कमी होतो. बॅटरीचे व्होल्टेज उतरले तर संगणक इंजेक्टरला अधिक वेळ देऊन ही उणीव भरून काढतो, परंतु तो मोजतो ते स्वतःपाशी पोहोचलेले व्होल्टेज. एका फांदीत हरवलेल्या व्होल्टेजची त्याला खबर नसते. उभ्या जागी थरथर आणि वेगात शांतता, या कोड्याचा उलगडाही येथेच होतो: तीन मिलिसेकंदांच्या फवाऱ्यात काही दशांशांचा उशीर मोठा वाटा खातो, आणि इंजिनावर जोर आल्यावर फवाराच दहा मिलिसेकंदांपर्यंत लांबला, की तोच उशीर नगण्य होतो.

तिसऱ्या कपलरमागची टेप उलगडल्यावर तारेच्या आवरणावर सुईने पाडल्यासारखे एक बारीक छिद्र आढळले. पूर्वी कधीतरी, कोणाकडून तरी, टेस्टरचे अणकुचीदार टोक तारेत खुपसून वीज आहे की नाही हे पाहिले गेले होते, ते छिद्र उघडेच राहिले होते, आणि इंजिन धुताना मारलेले पाणी व पावसाळ्यातील ओल त्यातून आत झिरपत गेली होती. आवरण सोलले असता चार बोटे लांबीपर्यंत तांब्याचे धागे हिरवे-काळे पडून ठिसूळ झालेले होते. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ठेवलेले ताक जसे कळकते, तशी ही तार आतल्या आत कळकली होती, आणि बाहेरून तिचे आवरण नव्यासारखे दिसत होते. बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवून, चकचकीत तांबे लागेपर्यंत खराब भाग कापून, त्याच जाडीचा तुकडा सोल्डरने जोडण्यात आला आणि त्यावर तापवल्यावर आवळून बसणारी नळी चढवण्यात आली. त्यानंतर दिव्याच्या भाराखाली तिसऱ्या कपलरवरही १२.१ व्होल्ट मिळाले आणि इंजिनाची थरथर थांबली.

या शोधातील विचार करायला लावणारी गोष्ट ही, की गाडीतील बिघाड एका चाचणीतूनच जन्माला आला होता. तपासणारा हात दोष शोधतो तसा दोष पेरूही शकतो, याची जाणीव वाहनाच्या विद्युतकामात फारशी ठेवली जात नाही. तारेत सुई खुपसण्याऐवजी कपलरच्या मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने बारीक पिन सरकवून मोजणी करता येते. आणि छिद्र पाडण्यावाचून उपायच नसेल, तर ते तिथल्या तिथे बुजवणे हा चाचणीचाच शेवटचा भाग मानला पाहिजे. त्याचप्रमाणे कपलरच्या पिनेत जाड टोक कोंबल्यास ती रुंदावते आणि ढिला जोड हा पुढच्या बिघाडाचा आरंभ ठरतो.

या रीतीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. मिरजगावातून बाजाराला कांदा आणि भुसार वाहणाऱ्या आजच्या डिझेल पिकअप गाड्यांमध्ये कॉमन रेल पद्धत असते. तिच्यात इंजेक्टरमागचा इंधनदाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, त्या दाबाची बारीक चिळकांडी कातडी भेदून शरीरात शिरते, आणि इंजेक्टर उघडण्यासाठी दिले जाणारे व्होल्टेजही बॅटरीच्या कितीतरी पट असते. पन्नास अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून कडक उत्सर्जन मानक लागू झाल्याने हीच पद्धत शेतातही आली आहे. अशा वाहनांवर आणि थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनांवर घरी चाचणी करू नये. मोटारसायकलवर चाचणी सुरक्षित असली, तरी एकच इंजेक्टर असल्याने शेजारच्या सिलिंडरशी तुलना करण्याची सोय राहत नाही, आणि मोजलेला आकडा कशाशी ताडून पाहायचा हा प्रश्न उरतो.

त्या प्रश्नाचे उत्तर गाडी ठणठणीत असताना शोधून ठेवावे लागते. आजारपणात नाडी पाहणाऱ्याला निरोगी अवस्थेतील नाडी ठाऊक असेल तर त्याचे निदान सोपे होते. तसेच बॅटरीचे व्होल्टेज, कपलरवरचे भाराविना आणि भारासहचे व्होल्टेज, थंड इंजिनावरचा गुंडाळीचा रोध आणि मोजणीची तारीख एवढी नोंद वाहनाच्या कागदपत्रांत जपून ठेवली, तर पुढे कोणत्याही गावच्या, कोणत्याही कारागिराला तिचा आधार मिळेल. ज्या वाचकाच्या दारात पेट्रोलचे वाहन आणि घरात मल्टिमीटर असेल, त्याने ही नोंद पुढच्या बिघाडाची वाट न पाहता येत्या सवडीच्या सकाळी, इंजिन थंड असतानाच करून ठेवावी. मिरजगावातील त्या मोटारीत बदललेले तिन्ही भाग मुळात निर्दोष होते. खराब निघाली ती फक्त चार बोटे तार.